डोंगरावरील दैवते आणि आपली यात्रा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती गाळून व दोन-तीन ठिकाणी भर घालून तो येथे दिला आहे.)



या व्यासपीठावर आजवर विद्वान वक्ते येऊन गेले. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला एक साधा प्राथमिक शिक्षक. एकोणचाळीस वर्षे मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात गेली आणि आता वयाची अडुसष्टी गाठली. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण करणार नाही, अशी माझी खात्री आहे. कार्यकारी मंडळाने मजवर जो विषय सोपविला तो मात्र मला मनापासून आवडला. आपल्या मंडळाने पुढील वर्षी सभासद कुटुंबांची एक सामुदायिक यात्रा काढावी असा ठराव संमत झाला असून त्या यात्रेची पूर्वतयारी कशी असावी, हे मी आपणांस सांगावयाचे आहे. शाळेच्या सहली मी पुष्कळ नेल्या, हीच काय ती माझी पात्रता.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ठरावाच्या वेळी तरुण सभासदांनी केदारनाथ-बदरीनाथचा आग्रह धरला होता. तो आग्रह मला अयोग्य वाटत नाही. परंतु ज्या मंडळाने आजवर चाळीस माणसे मिळून एक डोंगर चढलेला नाही, त्याने एकदम हिमालयाची वाट धरावी, हे पहिल्या इयत्तेतील मुलास भागाकार घालण्यासारखे आहे. आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत देवांनी डोंगरांवरच घरे केली आहेत. माण तालुक्यात शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव, औंधच्या डोंगरावर यमाई, वाई तालुक्यात मांढरदेवची काळूबाई, साताऱ्याजवळ सज्जनगड, जरंडेश्वर, यवतेश्वर, पाटेश्वर. महाबळेश्वरास पंचगंगेचे देऊळ. आपल्या सांगलीकडे मिरज तालुक्यातील दंडोबा, विट्याजवळचे रेवणसिद्ध, देवराष्ट्र्याजवळचा सागरेश्वर. आणि सीमेपलीकडे पाऊल टाकले की वाडी रत्नागिरीचा जोतिबा. यांपैकी कोठे ना कोठे आपल्या प्रत्येक घराचा कुळाचार जडलेला आहे. तेव्हा अभ्यास येथूनच सुरू व्हावा, अशी माझी सूचना आहे.

आपले आजे-पणजे या देवांना कसे जात? माझे आजोबा सांगत की, वाई-महाबळेश्वराकडे जावयाचे म्हणजे आगगाडीने वाठार स्टेशनवर उतरावयाचे आणि पुढे टांगा, बैलगाडी अथवा स्वतःचे पाय. शिंगणापुरास तर आमच्या गावाहून चार मुक्काम पडत. गाडीत भाकरीचे पीठ, तवा, घोंगडी आणि वैरण असे. वाटेत एखादी म्हातारी दमली की तिला गाडीत बसवीत आणि एखाद्या पोराला उतरवीत. त्या चार दिवसांच्या चालीने अंग मोकळे होई; डोंगराच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत कोण चढू शकेल आणि कोण नाही हे सर्वांना आपोआप कळून चुकलेले असे. आज आपण पहाटे घरातून निघतो, चार तास गाडीच्या आसनावर अंग आखडून बसतो आणि उतरताक्षणी पायऱ्या चढू लागतो. रस्ते वरपर्यंत गेले ही मोठी सोय झाली, यात वाद नाही. पण पूर्वी वाटच माणसाची परीक्षा घेत असे. ते काम आता आपल्याला घरी बसून, वही-पेन्सिल घेऊन करावे लागणार आहे. सबंध व्याख्यानात मला मुख्यतः हेच सांगावयाचे आहे, आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो असल्यामुळे ती चूकही आपणांसमोर ठेवणे मला भाग आहे.

ही गोष्ट १९९९ सालची. चैत्रातील शिंगणापूरची यात्रा. आपणांपैकी ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन नको, पण लहान मुलांसाठी सांगतो. चैत्र शुद्ध अष्टमीस शिवपार्वतीचा विवाह होतो. महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत लांबच लांब पागोट्यासारखे वस्त्र बांधतात, त्यास ध्वज म्हणतात. पुढे द्वादशीला दूरदूरच्या गावांहून आलेल्या कावडी मुंगी घाटाने वर चढतात. त्यांत सासवडकडून येणारी भुतोजी तेल्याची कावड विशेष मानाची. तो कडा असा उभा आहे की, मोकळ्या हाताने चढतानाही मनुष्याची छाती भरून यावी. आणि तेथे हे लोक पाण्याने भरलेली कावड खांद्यावर घेऊन, एकमेकांना दोराचा व हातांचा आधार देत, महादेवाच्या नावाचा गजर करीत वर येतात. माणसारख्या दुष्काळी मुलखातील डोंगरमाथ्यावरच्या देवाला पाणी नेऊन घालावे, यासारखी दुसरी पूजा कोणती असणार? येथील पुष्कर तलाव शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी बांधविला असे सांगतात, तोही यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत म्हणूनच. असो. सांगावयाचे ते राहून जाते.

तर त्या वर्षी द्वादशीचा सोहळा पाहावा म्हणून मी आमच्या भावकीतील व शेजारची मिळून अकरा कुटुंबे गोळा केली. दोन गाड्या ठरविल्या. कोणी किती वर्गणी द्यावयाची, नारळ किती, गुलाल-बुक्का किती, शिधा किती, याची मी मोठी सुबक यादी केली होती. शिक्षकाचे अक्षर, ती यादी पाहून सर्वांनी मला शाबासकी दिली. तीत माझ्या आईचे नाव पहिले होते. आईचे वय तेव्हा सदुसष्ट. तिला न्यावयाचे हे मी गृहीत धरले होते. मुलाने आईला यात्रेस नेणे यात विचारावयाचे ते काय, असे मला वाटले.

आईने एकादशीचा कडक उपवास केला होता आणि द्वादशीस दर्शन झाल्याशिवाय पारणे सोडावयाचे नाही, असा तिचा निश्चय होता. गर्दीमुळे गाड्या खालीच थांबल्या. चैत्राचे ऊन, पायऱ्या तापलेल्या, दर्शनाची रांग हलेना. दुपारी एकच्या सुमारास आई काहीतरी असंबद्ध बोलू लागली. मला ती माझ्या वडील भावाच्या नावाने हाक मारू लागली. तिचे डोळे स्थिर राहीनात, अंग थरथरू लागले. भोवतालच्या बायका मागे सरकल्या. कोणी म्हणाले, देवाचे वारे आले. दोघींनी पदर पसरून तिच्यापुढे डोके टेकले, एकीने लिंबू उतरवून टाकले. आणि आपणांस सांगावयास मला लाज वाटते की, मी, रोज शास्त्राचा तास घेणारा शिक्षक, हात जोडून उभा राहिलो.

तेवढ्यात रांगेशेजारून एक कावडकरी खाली उतरत होता. चाळिशीचा, अंगाने किडकिडीत, खांदा सुजलेला. त्याने आईकडे पाहिले, तिच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाला, "मास्तर, हिला घाम बघा कसा गार सुटलाय. साखरेची गोळी चालू हाय काय म्हातारीला?" मी म्हणालो, नाही. त्याने माझ्याकडे लक्ष न देता आईलाच विचारले. आईने मान हलविली. त्याने कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला, तांब्यातील पाण्यात विरघळविला आणि घोट घोट तिला पाजला. त्याच्या वडिलांना असेच होत असे, म्हणून त्याला ते ओळखता आले. पंधरा-वीस मिनिटांत आईची नजर ठिकाणावर आली.

दोन वर्षांपासून आईला मधुमेह होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी ती रोज सकाळी पिठाच्या डब्यामागून काढून घेत असे. हे माझ्या पत्नीला अंधुक ठाऊक होते, मला मुळीच नव्हते. त्या सकाळीही तिने नेमाने गोळी घेतली होती. वर पोटात अन्नाचा कण नाही आणि उन्हातली चढण. त्या कावडकऱ्याचे गाव विचारण्याचेही भान मला राहिले नाही. तो गर्दीत मिसळून गेला.

परतीच्या गाडीत मी आईवर रागावलो. म्हणालो, "आई, आजार अंगावर घेऊन बसलीस आणि मला सांगितले नाहीस?" ती बाहेर पाहत होती. म्हणाली, "तू मला विचारलंस कधी? यादीत नाव घातलंस, झालं. येतेस का म्हणालास? चढवेल का म्हणालास?" एवढेच बोलली. नारळांचा हिशेब मी तीन वेळा ताडून पाहिला होता.

या प्रसंगाला बरीच वर्षे लोटली. पण माझ्या मते आपल्या यात्रेच्या तयारीचा पहिला नियम त्यातच आहे. ज्याचे नाव यादीत घालावयाचे त्याला प्रत्यक्ष विचारावे. त्याच्या मुलाला नव्हे, सुनेला नव्हे, त्यालाच. आणि भगिनींनी मला क्षमा करावी, पण आपल्या घरांतील स्त्रिया स्वतःचे दुखणे सांगत नाहीत हे मी उघडपणे बोलणार आहे. कोणाला रक्तदाब असतो, कोणाच्या गुडघ्यात पाणी झालेले असते, कोणाची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असते, आणि यात्रा चुकेल या भयाने ते सर्व पदराआड राहते. आमच्यासारख्या पुरुषाने वही घेऊन दारात उभे राहिले तर ते कळणार नाही. म्हणून आपल्या महिला शाखेतील दोघी-तिघींनी घरोघर जाऊन, चहा घेत, निवांतपणे ही माहिती घ्यावी आणि ती सभेत न वाचता एका वहीत बंद ठेवावी. या वहीला मी यात्रावही म्हणतो. प्रत्येक माणसाला एक पान. नाव, वय, चालू असलेली औषधे व ती घेण्याची वेळ, डॉक्टरांनी मना केलेल्या गोष्टी, उपवास धरणार की नाही, आणि घरी कोणास कळवावयाचे त्याचा क्रमांक. हा क्रमांक कागदावर हवा. मोबाइलमध्ये सर्व आहे असे मुले म्हणतात. परंतु डोंगराच्या घळीत आवाज पोहोचत नाही आणि गर्दीच्या दिवशी फोन लागत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांच्या मदतीसाठी ११२ हे दोन क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावेत.

मधुमेही माणसाने उपवास धरावयाचा असेल तर गोळीचे काय करावयाचे हे आधी डॉक्टरांस विचारावे, मनाने ठरवू नये; आणि खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. देवाच्या पायरीवर गूळ खाल्ल्याने उपवास मोडला असे कोणास वाटले, तर तो दोष मी माझ्या माथी घेतो.

आता दिवस कोणता धरावा, या वादाच्या प्रश्नाकडे वळतो. गेल्या बैठकीत आपले एक वयोवृद्ध सभासद म्हणाले की, यात्रेचे पुण्य यात्रेच्या दिवशीच. आडदिवशी जाणे म्हणजे लग्न झाल्यावर मांडवात जाण्यासारखे आहे. त्यांच्या वयाचा व भक्तीचा मला आदर आहे, आणि मुंगी घाटातील कावडींचा देखावा आडदिवशी दिसत नाही हेही खरे. तथापि मी आपणांस २५ जानेवारी २००५ ची आठवण देतो. शाकंभरी पौर्णिमा, मांढरदेवीची यात्रा. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांहून उंच डोंगर, लाखोंचा समुदाय, दोन्ही बाजूंस दुकानांनी आवळलेली अरुंद वाट आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. माणसे घसरली, त्यांवर माणसे पडली. पुढे दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसे मरण पावली आणि त्यांत स्त्रियांची व मुलांची संख्या मोठी होती. आपल्या भागातील किती गावांत त्या रात्री चूल पेटली नाही, हे आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. शासनाने न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे तेथील व्यवस्था पुष्कळ सुधारली, पशुहत्येवर व नारळ फोडण्यावर निर्बंध आले.

मला यातून कोणास दोष द्यावयाचा नाही. माझे म्हणणे इतकेच की, नारळाच्या पाण्याने पायरी निसरडी होते यात गूढ काही नाही. आपण प्रत्येक जण तेथे एक नारळ फोडतो आणि माझ्या एका नारळाने काय होणार असे समजतो. गर्दीचे गणित हे असे असते. चाळीस माणसांचा जथा, त्यात दहा म्हातारी माणसे व दहा मुले, अशा दिवशी एकत्र राहणे अशक्य. ज्यांचा नवस त्याच तिथीचा असेल, त्यांच्यातील धडधाकट दोघांनी त्या दिवशी जाऊन तो फेडावा. मंडळाची यात्रा मात्र आडदिवशीच असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आडदिवसाचा अनुभवही सांगतो. २००६ साली मार्गशीर्षात आईने आपण होऊन मला म्हटले, शिंगणापूर राहून गेले आहे. या खेपेस मी विचारले, चढवेल का? ती म्हणाली, बसत बसत चढेन. आम्ही मंगळवारी गेलो. डॉक्टरांस विचारून आलो होतो, न्याहारी करून निघालो होतो. दर पंधरा-वीस पायऱ्यांनी ती बसे आणि खालच्या माळरानाकडे बघे. देवळात जेमतेम तीस माणसे होती. गाभाऱ्यात पुजाऱ्यांनी तिला निवांत डोके टेकू दिले; कोणी मागून ढकलले नाही. त्यानंतर पाच वर्षांनी ती गेली.

ऋतूविषयी थोडक्यात बोलतो. पावसाळ्यात डोंगर रमणीय दिसतात म्हणून श्रावणातील शनिवारी जरंडेश्वरास आणि सोमवारी सागरेश्वर-दंडोबास लोक लोटतात. जवळच्या तरुणांनी अवश्य जावे. परंतु मोठी गाडी घेऊन घाटांतून फिरण्याचे हे दिवस नव्हेत. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरास एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव येथे दरडी घरांवर आल्या. जुलै २०१८ मध्ये महाबळेश्वराकडे निघालेली सहलीची बस आंबेनळी घाटात कोसळून तीस माणसे दगावली. उन्हाळ्यात दुपारी वळवाचा भरवसा नाही. उघड्या माथ्यावर वीज कडाडू लागली तर झाडाखाली उभे राहावयाचे नाही, पक्क्या इमारतीत जावयाचे. राहता राहिला हिवाळा. त्यातही दिवाळीची सुटी गर्दीची आणि पौष पौर्णिमा वर्ज्य. म्हणून मार्गशीर्षातील शनिवार-रविवार मी सुचवितो. गुरुवारी बऱ्याच घरी महालक्ष्मीचे व्रत असते, तो वार आपसूक टळतो.

हिवाळ्यातील एक अडचण बाहेरगावच्या माणसास सुचणार नाही, पण आपणांस ठाऊक आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम. सांगलीपासून कऱ्हाड-कोरेगावपर्यंत सर्व रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू असतात, अन् अंधारात त्यांच्या मागे दिवा असेलच असे नाही. म्हणून दिवस मावळल्यावर आपली गाडी रस्त्यावर असता कामा नये. रात्री प्रवास करून एक दिवस वाचविण्याची जी सूचना आली आहे, ती मी एक मतानेही का होईना, पण नामंजूर करावी अशी विनंती करतो.

आता मार्ग. कार्यक्रमपत्रिकेचा जो कच्चा मसुदा मजकडे आला, त्यात दोन दिवसांत नऊ देवस्थाने घातली होती. मी तो मसुदा पाहून हसलो. लिहिणारे माझे जुने विद्यार्थीच होते, त्यांनीही हसून घेतले. नऊ देवांना नऊ वेळा गाडीतून उतरावयाचे, चपला काढावयाच्या, चढावयाचे, माणसे मोजावयाची. दर्शन राहील बाजूला आणि हजेरी तेवढी होईल. मी पाच नावे खोडली आहेत. मांढरदेव खोडताना मला वाईट वाटले, कारण तेथे कुळाचार असलेली काही घरे आपणांत आहेत. पण वाईवरून घाट चढून परत येण्यात अर्धा दिवस जातो, तेव्हा त्याची स्वतंत्र एकदिवसाची फेरी नंतर काढावी.

उरलेली योजना अशी. शनिवारी पहाटे पाचला सांगलीहून निघून विट्यावरून औंध. यमाईच्या डोंगरावर गाडीरस्ता असल्याने ज्यांना पायऱ्या नकोत त्यांची सोय होते. न्याहारी तेथेच. औंधास श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. त्या दिवशी ते उघडे आहे की नाही, याची चौकशी आठवडाभर आधी करावी. मुलांना ते दाखविल्याशिवाय पुढे जाऊ नये. संस्थानिकाने आपला पैसा चित्रांवर आणि प्रजेला सूर्यनमस्कार शिकविण्यावर खर्च केला, हे त्यांना डोळ्यांनी दिसू द्यावे. तेथून दहिवडीमार्गे शिंगणापूर. दर्शन, घरून आणलेले जेवण आणि तासभर विश्रांती. दोन वाजता मात्र निघालेच पाहिजे, म्हणजे पुसेगाव-कोरेगाववरून सातारा गाठून उजेडीच सज्जनगडाच्या पायथ्याशी पोहोचू. गडाचे दरवाजे रात्री बंद होतात, हे ध्यानात असू द्यावे. समर्थांनी जेथे शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे १६८२ साली देह ठेवला, तेथे एक रात्र राहावे आणि पहाटेची काकड आरती ऐकावी. मुक्कामासाठी संस्थानास आधी पत्र लिहून माणसांची संख्या कळवावी. चाळीस माणसांनी अवचित जाऊन उभे राहणे हे पाहुण्याला शोभत नाही. दुसऱ्या दिवशी कऱ्हाडवरून परत येताना सागरेश्वर. एके काळी उघड्याबोडक्या असलेल्या त्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून अभयारण्य उभे केले, हरणे आणून सोडली. देवदर्शनाइतकेच ते पाहण्याजोगे आहे.

वाहनाविषयी मतभेद आहेत. वातानुकूलित गाडी ठरविली तर माणशी वर्गणी इतकी होते की, आपल्या मंडळातील काही घरे निमूटपणे नाव काढून घेतील आणि कारण विचारले तर पाहुणे येणार आहेत असे सांगतील. हे मी ओळखून आहे. एस. टी.च्या नेहमीच्या फेऱ्यांत २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढील वृद्धांना मोफत आणि २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. पण म्हाताऱ्यांना घेऊन तीन ठिकाणी गाड्या बदलणे झेपणार नाही. म्हणून महामंडळाची साधी बस प्रासंगिक करारावर घ्यावी, तिचे नियम व दर आगारात लेखी विचारून घ्यावेत आणि भाड्याचा काही भाग मंडळाच्या निधीतून द्यावा. कोणास किती सवलत दिली हे खजिनदारांशिवाय कोणास कळू नये.

किरकोळ गोष्टी पुष्कळ आहेत, त्यांतल्या दोन सांगतो. शाळेच्या सहलीत मी मुलांच्या जोड्या लावीत असे. आपल्या जोडीदाराशिवाय कोणी पाऊल टाकावयाचे नाही. तीच रीत मोठ्यांना लावावी, आणि जोडी नवरा-बायकोची नसावी, कारण ती एकमेकांना शोधण्याऐवजी एकमेकांवर रागावून बसतात. दुसरे, देवळांच्या कपारींना व जुन्या झाडांना आग्या मोहोळे असतात. त्यांच्याखाली चूल पेटविणे, धूर करणे, मुलांनी दगड मारणे याचा परिणाम भयंकर होतो. आणि उतरताना घाई नको. चढताना दम लागतो म्हणून माणूस थांबतो. उतरताना तो थांबत नाही, आणि गुडघे जातात ते उतरताना.

केदारनाथाविषयी शेवटी दोन शब्द बोललो नाही तर तरुण मंडळी मला सोडणार नाहीत. आपले सज्जनगड-शिंगणापूर तीन-साडेतीन हजार फुटांचे. केदारनाथ साडेअकरा हजारांहून अधिक. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या जवळपास असतो, आणि गौरीकुंडापासून सोळा-सतरा किलोमीटरची चढण आहे. मंदिर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडते आणि भाऊबीजेस बंद होते. मधले दोन-अडीच महिने पावसाचे. जून २०१३ मध्ये काय घडले, ते आपण सर्वांनी पाहिले. आधी नोंदणी लागते, प्रकृतीची तपासणी हवी, वाटेत थांबून थांबून उंचीची सवय करावी लागते. मी विरोध करीत नाही. मार्गशीर्षातील यात्रा होऊ द्यावी. ती झाल्यावर यात्रावही सर्वांसमोर उघडून, नावे वगळून, कोठे उशीर झाला, कोण मागे राहिले, कोणते औषध विसरले, याचा विचार करावा. तशीच दुसरी यात्रा मांढरदेव-महाबळेश्वराची करावी. त्यानंतर केदारनाथचा ठराव आणला तर त्याला अनुमोदन देणारा मी पहिला असेन; माझे स्वतःचे नाव मात्र तेव्हा माझ्या डॉक्टरांना विचारून घालावे.

महिला शाखेच्या भगिनी कार्तिकी एकादशीनंतर घरोघर येतील. त्यांचा वेळ वाचावा म्हणून वहीचे पहिले पान मी घरूनच भरून आणले आहे. रक्तदाबाची गोळी सकाळी एक, डाव्या गुडघ्याची तक्रार, उपवास धरणार नाही. चिटणीसांकडे ते आत्ताच देतो.